लीद, कूस, नाडी

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की वाटेत पोखर्णी येतं. परळीच्या रेल्वेमार्गावर गावाच्या नावाचं स्टेशन आहे आणि गावाची ओळख आहे ती नृसिंहाच्या देवळाची. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते. त्या दिवसांत परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि लग्नसराईही ऐन भरात असते. वर्षभर दावणीला उभी असलेली घोडीवाल्याची घोडी या काळात सर्वांत जास्त राबते. सकाळी एका गावात परण्या, संध्याकाळी दुसऱ्या गावात वरात, मधला वेळ टेम्पोत.

अशा दिवसात तिच्या पोटाचं काय होतं ते बघा. पहाटे घाईत तोबरा चढवलेला असतो. नंतर झूल, बाशिंग, रंगीत गोंडे लावून ती तासन्‌तास उभी राहते. कानाशी डीजे दणाणत असतो, पायाशी फटाके फुटत असतात. पाणी मिळालं तर मिळालं. कौतुकाने कुणीतरी बुंदीची मूठ तोंडाशी धरतो, कुणी पुरी भरवतो. रात्री उशिरा घरी आल्यावर मालकाला तिची दया येते आणि तो घमेलंभर हरभरा तिच्यापुढे ठेवतो, त्यावर कोरडा कडबा. सकाळी ती चंदीला तोंड लावत नाही. मालक म्हणतो, "थकली असंल रातीची."

या एका वाक्यात बराच वेळ वाया जातो. घोड्याच्या पोटाचं दुखणं अचानक आलं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते आदल्या दिवसापासून बारीकसारीक खुणांनी दिसत असतं. लीद थोडी कमी पडते, पाण्याची बादली अर्धी तशीच राहते, वैरण चघळून टाकली जाते. या खुणा ओळखायला मोठं शिक्षण लागत नाही. आपलं जनावर बरं असताना कसं असतं, हे मात्र पाठ असावं लागतं. या प्रकरणात मला तेवढंच सांगायचं आहे, आणि ते तपशिलात सांगायचं आहे.

पोटाची घडण

गाय-बैल आपल्या अंगवळणी पडलेले असतात, म्हणून घोडाही तसाच असेल असं आपण धरून चालतो. चूक तिथेच होते. बैलाचं पहिलं पोट शंभर लिटरच्या पुढचं असतं. तो भराभर खातो, मग निवांत बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याला घास एकदाच चावायला मिळतो. पाचशे किलोच्या धिप्पाड घोड्याचं जठरसुद्धा आठ ते पंधरा लिटरचं, आणि आपल्याकडची लग्नाची घोडी किंवा धनगराचं तट्टू त्याहून बरंच लहान. मोकळ्या रानात सोडलेला घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो, तो हावरट असतो म्हणून नव्हे. थोडं थोडं, सतत खाण्यासाठीच त्याचं पोट घडलेलं आहे.

जठरातलं आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, खाणं असो वा नसो. त्याला मारक असते ती लाळ, आणि घोड्याची लाळ फक्त चावतानाच सुटते. मोठा घोडा भरपूर वैरण चघळत असेल तर दिवसाला तीस-चाळीस लिटर लाळ गिळतो. पाच-सहा तास तोंड रिकामं राहिलं की आम्ल जठराच्या वरच्या भागाला लागतं. त्या भागाला चिकट संरक्षक थर नसतो, त्यामुळे तिथे व्रण पडतात. वैरण खाते पण चंदी अर्ध्यावर सोडते, तंग आवळताना कान मागे टाकून चावायला धावते, दात करकर वाजवते, अंगावरची चकाकी जाते, ही त्याची चिन्हं. मालक म्हणतात घोडी खट्याळ झाली. खट्याळपणा नव्या वयात असतो. सात-आठ वर्षांची शहाणी घोडी लग्नसराईच्या शेवटी एकदम चावरी झाली, तर तिच्या पोटाचा विचार आधी करावा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर सगळं उभं आहे: घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथली गाठ इतकी घट्ट असते, आणि नळी अशा कोनातून आत शिरते, की आत गेलेलं तोंडावाटे परत येत नाही. माणूस, कुत्रा, मांजर यांना बिघडलेलं अन्न बाहेर टाकून मोकळं होता येतं. घोड्याच्या पोटात वायू भरला किंवा पाणी साचलं तर जठर ताणत जातं आणि फुटूही शकतं.

जठराच्या पुढे वीसेक मीटर लहान आतडं. नंतर उजव्या कुशीत येतं आंधळं आतडं. ही सुमारे मीटरभर लांबीची, पंचवीस-तीस लिटर मावणारी पिशवी, आणि तिच्यात आत जायची व बाहेर यायची वाट एकाच टोकाला. त्यापुढे मोठं आतडं. कडब्याचा चोथा पचवणारे जिवाणू या दोन ठिकाणी राहतात. मोठं आतडं एवढं लांब आणि जाड आहे की ते पोटात घडी घालूनच मावतं. डाव्या बाजूला ते अचानक उलटं वळतं आणि नेमकं त्याच वळणावर अरुंद होतं. पाणी कमी पडलं, कडबा कोरडा असला की गोळा तिथे अडकतो. तोंडातून गेलेला घास लिदीतून बाहेर यायला साधारण दीड ते तीन दिवस लागतात. म्हणून सोमवारच्या अडकलेल्या लिदीचं कारण शनिवारच्या लग्नात सापडू शकतं.

हरभऱ्याचं घमेलं का वाईट, हेही यातून कळतं. दाणा पचायची जागा लहान आतड्यात आहे. एका वेळी जास्त दाणा गेला की उरलेला पिठूळ भाग न पचता मागे घसरतो, आंधळ्या आतड्यात आंबतो, वायू धरतो, आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात आणि त्यांच्यातून सुटलेलं विष रक्तात मिसळतं. त्याने पोट तर दुखतंच, शिवाय दोन-तीन दिवसांनी खुरांच्या आतला भाग सुजून घोडी पुढचे पाय टेकवेनाशी होते. तीनशे किलोच्या घोडीला एका वेळी एक ते सव्वा किलोच्या वर दाणा देऊ नये. द्यायचाच असेल तर दिवसात तीनदा वाटून, आणि त्याआधी थोडी वैरण पोटात गेलेली असावी. वैरणीचा हिशेब वेगळा: कोरड्या वजनात तिच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन, म्हणजे तिला रोज साडेचार ते सहा किलो.

वजन काट्यावर करायची सोय खेड्यात नसते. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून, खांद्याच्या उंचवट्याजवळून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १५० आणि लांबी १४० आली तर घोडी साधारण २६५ किलोची. जंताच्या औषधाची मात्रा या आकड्यावर ठरते. अंदाजाने दिलेलं औषध कमी पडलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

रोजची पाहणी

लिदीपासून सुरुवात करू, कारण ती रोज, फुकट आणि न मागता मिळते. निरोगी घोडी दिवसाला आठ ते बारा वेळा लीद टाकते. सकाळी तबेला झाडताना रात्रीचे ढीग मोजायची सवय लावून घ्यावी. रोज चार-पाच ढीग असतील आणि आज दोनच दिसले, तर ती बातमी आहे. गोळे मुठीत मावतील एवढे, ओलसर, जमिनीवर पडल्यावर थोडे फुटणारे असावेत. कडबा खाणाऱ्या घोडीची लीद पिवळसर तपकिरी, हिरवं खाणारीची हिरवट, त्यामुळे रंगाने घाबरून जाऊ नये. गोळे लहान, कडक आणि वरून चकाकणारे झाले, त्यांना शेंबडासारखा लेप दिसला, तर आतडं मंदावलंय आणि पाणी कमी पडतंय असं समजावं. लीद शेणासारखी सैल झाली तर गेल्या तीन दिवसांत चारा कोणता बदलला ते आठवावं. मोठ्या घोड्याला पाण्यासारखी हगवण लागली तर मात्र वाट बघू नये. त्यातून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आता एक गोळा काठीने मोडून आत बघा. काड्या बोटाच्या पेरापेक्षा लांब दिसतात? हरभऱ्याचे अख्खे दाणे दिसतात? मग दुखणं बहुधा दातांत आहे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि वरखाली एकसारखे झिजले नाहीत तर कडांना धारदार टोकं येतात. ती गालाला आणि जिभेला कापतात, घोडी नीट चावत नाही आणि अर्धवट चावलेल्या वैरणीच्या गुंडाळ्या गव्हाणीखाली पडतात. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दात बघून घ्यावेत आणि टोकं कानशीने घासून घ्यावीत. पोटाची कितीतरी दुखणी इथेच थांबतात. पुढच्या पायांच्या केसांना पिवळसर बारीक अंडी चिकटलेली दिसली तर ती एका माशीची असतात. घोडी ती चाटते आणि अळ्या जठरात जाऊन चिकटतात. शिंगरांच्या लिदीत पांढरे लांब जंत दिसले तर पोटात त्यांची गर्दी आहे असं धरावं, आणि औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावं. कारण एकदम मेलेल्या जंतांच्या गुंत्यानेही आतडं तुंबतं.

गोदाकाठच्या गावांत, नदीच्या पात्रात चरणाऱ्या जनावरांच्या पोटात वाळू जाते. जमिनीवर सांडलेला दाणा वेचतानाही जाते. लिदीचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत किंवा पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. तळाशी वाळूचा थर बसला तर चारा आजपासून गव्हाणीत किंवा जाळीत द्यायला सुरुवात करा.

लिदीनंतर कूस. पोटात काय चाललंय ते कानाने ऐकता येतं. स्टेथोस्कोप चारपाचशे रुपयांत मिळतो, पण तो नसला तरी कुशीला कान लावून ऐकू येतं. चार जागा: डावीकडे वर आणि खाली, उजवीकडे वर आणि खाली. प्रत्येक ठिकाणी निदान मिनिटभर थांबावं, घाई करू नये. खालच्या बाजूला गुरगुर, खळखळ चालू असते. उजव्या कुशीत वर, शेवटच्या बरगडीच्या मागच्या खळग्यात, मिनिटातून एक ते तीन वेळा वेगळा आवाज येतो: आधी दूरचा, मग जवळ येणारा आणि शेवटी टाकीतून पाणी एकदम सुटल्यासारखा. ते आंधळं आतडं रिकामं होत असतं. हा आवाज ज्याने एकदा ओळखला तो विसरत नाही. मुलांना ऐकवावा, त्यांना फार आवडतो, आणि त्या घरातली मुलं मग रोज घोडीच्या कुशीला कान लावतात. आवाज मंदावले की सावध व्हावं. चारही ठिकाणी शांतता असेल तर प्रकरण गंभीर आहे. सतत मोठा आवाज आणि मधेच धातूवर थेंब पडावा तसा टणत्कार आला तर वायू कोंडलेला असतो.

मग नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला आतून बोटं टेकवून पुढेमागे फिरवली की एक गोल, सरकणारी शीर लागते. बोटांनी हलकेच दाबा, अंगठा वापरू नका, कारण त्यात आपलीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजा, चौपट करा. विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइट, डिजिटल थर्मामीटरला दोरी बांधून गुदद्वारातून घ्यायचा, आणि घेताना मागे न उभं राहता बाजूला उभं राहायचं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओली असावी. अंगठ्याने दाबून पांढरी करा. दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. लालबुंद, फिकट किंवा दातांच्या कडेला जांभळी रेघ आलेली हिरडी म्हणजे रक्तात विष पसरत असल्याची शंका.

हे आकडे पुस्तकातले आहेत. तुमच्या घोडीचा आकडा वेगळा असेल आणि खरा उपयोग त्याचाच. ती ठणठणीत असताना आठवडाभर, थंड वेळेला, नाडी-श्वास-ताप-लीद वहीत लिहून ठेवा. नेहमी ३४ ठोके असणाऱ्या घोडीचे आज ४८ झाले, तर पाहुण्या डॉक्टरला ते थोडेसेच वाढलेले वाटतील. तुम्हाला मात्र वहीमुळे कळेल की ते दीडपटीच्या जवळ गेलेत.

दुखायला लागल्यावर

सुरुवातीची चिन्हं शांत असतात. घोडी कळपापासून किंवा गव्हाणीपासून बाजूला उभी राहते. मान वळवून कुशीकडे बघते. वरचा ओठ वर दुमडते. पुढच्या एका खुराने जमीन उकरते. पाय लांबवून, कंबर वाकवून लघवीच्या पवित्र्यात उभी राहते पण लघवी होत नाही. इथे खेडोपाडी हमखास निदान होतं ते "मूत अडलंय" असं, आणि उपचार चुकीच्या दिशेने सुरू होतात. घोडीच्या बाबतीत हा पवित्रा बहुतेक वेळा आतड्याच्या दुखण्याचाच असतो. पुढे ती बसते, उठते, पुन्हा बसते. मग लोळते, घाम फुटतो, नाकपुड्या फुलतात.

लोळायला लागल्यावरच लोक धावाधाव करतात. धावाधाव त्याआधी, ओठ दुमडला तेव्हा व्हायला हवी.

पहिलं काम, समोरची वैरण आणि चंदी उचलायची. पाणी राहू द्यावं. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवलं तर वायू सरकायला मदत होते. पण दमवून, फटके मारून तास-तास फिरवू नये. शांत पडून राहिली असेल तर पडू द्यावं. लोळून आपल्याला इजा करून घेत असेल तर मऊ जमिनीवर, मोकळ्या जागी न्यावं, आणि तिच्या पायांच्या टप्प्यात माणसांनी जाऊ नये.

दुसरं काम म्हणजे एक गोष्ट न करणं. बैलाला बांबूच्या नळ्याने औषध पाजतात तसं घोड्याला पाजू नका. तेल, हिंगाचं पाणी, ओवा, दारू, काहीही नाही. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो. मान वर ओढून तोंडात ओतलेलं तेल सहज श्वासनलिकेत उतरतं, आणि तेलाने ठसकाही लागत नाही म्हणून ते गेल्याचं कळतही नाही. पोट बरं होऊन घोडा चार दिवसांनी फुप्फुसाच्या दुखण्याने जातो. पशुवैद्यक नाकातून जठरापर्यंत नळी घालतात तेव्हा औषध तर पोहोचतंच, शिवाय जठरात साचलेला वायू आणि पाणी त्याच नळीतून बाहेर येतं. उलटी न होणाऱ्या जनावराला ती नळी वाचवते. मेडिकलमधून आणलेलं वेदनाशामक इंजेक्शनही डॉक्टर यायच्या आधी टोचू नये. दुखणं दबतं, आतलं बिघडणं चालूच राहतं, आणि मानेतल्या चुकीच्या रक्तवाहिनीत सुई गेली तर जनावर तिथल्या तिथे कोसळतं.

तिसरं काम फोन. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर किंवा १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक. "डॉक्टरसाहेब, घोडी लोळायलीय, लवकर या," एवढ्यावर फोन ठेवू नका. दुखणं कधी सुरू झालं, शेवटची लीद कधी आणि कशी पडली, नाडी किती, हिरडी कशी, पोट फुगलंय का, गेल्या तीन दिवसांत चारा-दाणा काय बदलला, गाभण आहे का, जंताचं औषध कधी दिलं, हे सगळं एका दमात सांगा. तालुक्याच्या डॉक्टरांसमोर दिवसभर गाई, म्हशी, शेळ्या येतात, घोडा क्वचित. तुमच्या माहितीवरून ते सोबत काय घ्यायचं आणि किती घाईने निघायचं ते ठरवतात. परभणीला पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ पासून आहे, हे या भागाचं भाग्य. अवघड वाटलं तर घोडी तिथे हलवायची तयारी ठेवावी, म्हणजे टेम्पोवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असावा.

नाडी साठच्या वर जाऊन तिथेच राहिली, औषधानंतरही दुखणं थांबेना, हिरड्या काळवंडल्या, तर आतडं पिळलं असण्याची शक्यता असते. पोट उघडून पीळ सोडवण्याची शस्त्रक्रिया घोड्यासाठी आपल्याकडे अजून दुर्मिळ आहे, म्हणून इथे गेलेला तास परत मिळत नाही. आणि एका फसव्या चिन्हाबद्दल आवर्जून सांगायला हवं. रात्रभर तळमळणारी घोडी अचानक शांत उभी राहते. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण तिची नाडी बेफाम धावत असेल, अंगाला गार घाम असेल, कातडी थरथरत असेल, तर ती शांतता बरं वाटल्याची नसते. जठर किंवा आतडं फुटलेलं असतं. हे वाचून कुणाला भीती वाटली तर वाटू द्यावी. पोटदुखीच्या बहुतांश घोड्या वेळेवर नळी, पाणी आणि औषध मिळालं की बऱ्या होतात, आणि तो वेळ मालकाच्या हातात असतो.

वर्षाचा चारा

मराठवाड्यात घोड्याचं पोट ऋतूबरोबर बिघडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघते आणि वर्षाचा कडबा येतो. उन्हाळ्यात तोच वाळून खडखडीत होतो, हौदातलं पाणी तापतं, घोडी ते कमी पिते आणि आतड्याच्या त्या अरुंद वळणावर गोळा अडतो. पाणी सावलीत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा बदला, चाऱ्यावर शिंपडा, थोडं मीठ द्या. कुट्टी फार बारीक करू नका, ती न चावता गिळली जाते. सोयाबीन आणि तुरीचं भुसकट कडक असतं, नुसत्या त्यावर घोडी ठेवू नये.

मृगाचा पाऊस पडून बांधावर कोवळं गवत आलं की उलट धोका. चार महिने कोरडं खाल्लेल्या पोटातले जिवाणू हिरव्याला तयार नसतात. घोडी दोराने लांब बांधून दिवसभर सोडली की संध्याकाळी पोट फुगतं. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल. खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीपासून दूर ठेवावं, जनावराला किराळ लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको. बुरशी आलेला मका, भिजून काळा पडलेला कडबा गुरांना घालतात, घोड्याला कधीच नाही. बुरशी आलेल्या मक्याचं विष थेट घोड्याच्या मेंदूवर जातं.

गोठ्यात गाई-कोंबड्या आणि घोडी एकत्र असतील तर खाद्याची पोती वेगळी ठेवा. काही कोंबडीखाद्यांत आणि पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, गाईला चालतं. घोड्याला वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅमसुद्धा प्राणघातक ठरू शकतं. सुरुवात पोटदुखी आणि घामाने होते, मारतं ते हृदय. पोत्यावरचं लेबल वाचा, नाव सापडलं तर त्या पोत्याजवळ घोडी फिरकता कामा नये.

चाऱ्याच्या हिशेबाची ही काळजी या मातीत नवी नाही. चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या आपल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हे त्यातलं सर्वांना आठवतं. पण त्याच पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, ही तंबी आहे. गंजीला आग लागू नये म्हणून रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातं. राजाच्या पत्रात वैरणीची गंजी येते, कारण पागा उभी राहते ती वैरणीवर. पुढे इंग्रजांनीही १८६२ मध्ये पुण्याला लष्करी पशुवैद्यक शाळा काढली ती मुख्यतः घोड्यांसाठी. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळात अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, घोडदळ असे. मोटार आली, घोडदळं गेली आणि घोड्याचं पोट ओळखणारी माणसंही गावागावांतून कमी झाली. घोडे मात्र गेले नाहीत. माळेगावच्या खंडोबाच्या आणि सारंगखेड्याच्या यात्रेत अजून त्यांचा मोठा बाजार भरतो, धनगरांचे संसार तट्टांच्या पाठीवर फिरतात. शेतात साप चावल्यावर ग्रामीण रुग्णालयात जी प्रतिविषाची लस देतात, तीसुद्धा घोड्याच्या रक्तातून तयार होते. मला वाटतं, एवढ्या कारणासाठी तरी त्याचं पोट आपल्याला कळलं पाहिजे.

माळेगावच्या बाजारातून घोडं आणलं असेल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: याला काय खायला होतं, आणि शेवटचं जंताचं औषध कधी दिलं. त्याच्याकडचीच आठवडाभर पुरेल एवढी वैरण विकत घ्या आणि घरच्या वैरणीत हळूहळू मिसळा. ताजी लीद डबीत घालून तपासायला द्या. जंतांची अंडी किती आहेत ते कळलं की औषध द्यायचं की नाही हे ठरतं. गाईसाठी आणलेलं जंताचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका.

दुखण्यातून उठलेल्या घोडीची काळजी पहिली लीद पडेपर्यंत संपत नाही, आणि ती पडल्यावरही लगेच भरपेट द्यायचं नसतं. आधी कोमट पाणी, मग डॉक्टरांनी सांगितल्यावर मूठ-दोन मूठ भिजवलेली मऊ वैरण, दोन-तीन तासांच्या अंतराने. दाणा दोन-तीन दिवस बंद. चोवीस तास दर तीन तासांनी नाडी आणि कुशीचा आवाज वहीत लिहा. रात्री दोनच्या पाळीला घरातलं कुणीतरी उठलंच पाहिजे. पुढचं लग्न घेतलेलं असेल तर नवरदेवाच्या घरी फोन करून दुसरी घोडी बघायला सांगा. इसार परत करावा लागेल, तो करावा.